मागच्या सीटवरची लोटी

मी बोलतोय, पण मला बघायचं तर तुम्हाला थोडे कष्ट पडतील. बॉनेट उघडा, गाडीच्या उजव्या अंगाला वाका, डोळे बारीक करा. इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, गंजून तपकिरी झालेला, पंजासारखा एक बिडाचा तुकडा दिसतोय ना, तो मी. चार नळकांड्यांतला जळका धूर चार बोटांनी गोळा करायचा आणि मनगटातून खालच्या पाइपात सोडायचा, जन्मभर मी एवढंच केलं. गाडीवाले मला मॅनिफोल्ड म्हणतात. लुड मला नुसतं ‘उजवा’ म्हणतो. डावा म्हणून माझा एक भाऊही आहे, पण आम्हा दोघांच्या मध्ये अख्खं इंजिन बसलंय, त्यामुळे इतक्या वर्षांत आमची भेट नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. त्या वेळचं फार काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते स्वप्नासारखं. मी लाल होतो, पातळ होतो, मला कसलाच आकार नव्हता. मग कुणीतरी मला वाळूच्या साच्यात ओतलं आणि थंड होता होता मला हळूहळू कळत गेलं की आपल्याला बोटं आहेत. वाळू झाडून मला उजेडात काढलं तेव्हा एक माणूस तोंडात सँडविच धरून माझ्याकडे बघत होता. माणसाचं पहिलं दर्शन ते.

तिथून मी नदीकाठच्या कारखान्यात आलो. डेट्रॉइटच्या खालच्या अंगाला नदीकाठानं आमची गावं आहेत, एकाला एक लागून. तिथे इंजिनं जोडायच्या ओळीवर लुडविक झारेंबा नावाचा एक पोलिश घरातला तरुण उभा असायचा. तोच हा लुड. त्या ओळीवरून रोज शेकडो इंजिनं जायची, पण लुड आजही छातीवर हात ठेवून सांगतो, की माझे बोल्ट त्यानं स्वतः आवळले होते. असेल खरं. नसेलही. मी नुकताच जन्मलेला, माझं कुठे लक्ष होतं!

पुढे वर्षभरानं त्यानं ही गाडी घेतली. गडद हिरवी, दोनच दारांची, लांब नाकाची, आणि पोटात एवढं मोठं इंजिन की गल्लीच्या टोकाशी सुरू केली तर दुसऱ्या टोकाला कपबशा वाजायच्या. त्याच्या बायकोला, इरेनला, चार दारांची मोठी गाडी हवी होती. पोरगी व्हायची होती, बाजारहाट होता. लुड हे धूड दारात घेऊन आला तेव्हा ती पायरीवर उभी राहून नुसती बघत राहिली, आणि आत जाऊन तिनं बटाटे सोलायला घेतले. पंधरा दिवस ती गाडीत बसली नाही.

बसली ती थंडीत. इरेनचे पाय लहानपणापासूनच गार. दोन-दोन मोजे घातले तरी गार. नाइलाजानं ती लुडशेजारी बसली, तोंड फिरवून. गाडी तापली, मी तापलो. आता आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, आणि मी उजवीकडचा. माझ्या आणि इरेनच्या पायांच्या मध्ये फक्त एक पत्रा. नदीवरचा पूल यायच्या आत तिनं बूट काढले आणि दोन्ही तळवे त्या पत्र्याला लावले. त्या दिवसापासून तिनं मोठ्या गाडीचा विषय काढला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण नुसते धुराचे नाही.

मागच्या सीटवर लोटी असायची. लोटी ही इरेनची धाकटी बहीण, बेकरीत कामाला. अंगाला कायम साखरेचा वास, कोपरांना पीठ, आणि हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, दाजीला बघितल्यावर इच्छाच मेली. रविवारी चर्च झालं की तिघं तळ्याकडे निघायची आणि जाताना-येताना लोटी लुडची साल काढायची. लुड वरवर चिडायचा, पण एखाद्या रविवारी ती आली नाही तर त्यालाच चैन पडायचं नाही. आरशात सारखा मागं बघायचा.

ती गेली पन्नाशीच्या आत. पोटातलं दुखणं होतं. मयताच्या दिवशी इरेन रडली नाही. आलेल्या प्रत्येकाला वाढत होती, कोबीचे रोल संपले म्हणून धावपळ करत होती, कुणाचा कोट कुठे आहे ते बघत होती. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. त्यानंतर मागच्या सीटवर किराणा असायचा, नाहीतर लुडचा कोट. रविवारचा फेरा चालू राहिला, पण गाडीत बोलणं कमी झालं. वर्षं अशीच निघून गेली. पोरगी मार्शा मोठी झाली, लग्न होऊन शेजारच्या गावी गेली, लुड निवृत्त झाला, आणि कारखान्यानं त्याच्या कानांचा अर्धा हिस्सा ठेवून घेतला.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आमच्या चर्चमध्ये दर वर्षी जुलैच्या अखेरीला, प्रवाशांचा राखणदार संत ख्रिस्तोफर, त्याच्या सणाला, गाड्यांना आशीर्वाद देतात. आवारात गाड्या रांगेनं लावायच्या, फादर येतात, पवित्र पाणी शिंपडतात, पुढे जातात. सगळीकडे टपावर शिंपडतात. आमच्या गावातली माणसं मात्र बॉनेट उघडून उभी राहतात, तेही इंजिन चालू ठेवून. त्यांचं म्हणणं, रंगाला कशाला आशीर्वाद, बिघडतं ते इंजिन. सगळे कारखान्यातले, त्यांना कोण शिकवणार? जुने फादर थकलेले होते. दोन थेंब उडवायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. ते थेंब माझ्यापर्यंत येईतो वाफ होऊन जायचे.

त्या वर्षी नवे फादर आले, फादर डोमिनिक. तरुण, उत्साही, आणि हातात झाडूएवढा ब्रश. बरोबर बादली. ऊन मी म्हणत होतं, पोरं अंगावर पाणी घ्यायला गाड्यांच्या मधून पळत होती, आणि फादरही रंगात आले होते. लुडला उशीर झाला होता म्हणून त्यानं नदीकाठच्या रस्त्यानं गाडी हाणत आणली होती. मी इतका तापलो होतो की अंधार असता तर लाल दिसलो असतो. लुडनं बॉनेट उघडलं आणि अभिमानानं बाजूला झाला.

"घ्या झारेंबा, भरपूर घ्या, देवाकडे कमी नाही," असं म्हणत फादरनी ब्रश बादलीत पुरा बुडवला आणि माझ्यावर रिकामा केला.

बीड कसंही तापू दे, सोसतं. तापलेल्या अंगावर गार पाणी मात्र आम्हाला सोसत नाही. मनगटापाशी, जिथे मी खालच्या पाइपाला तीन बोल्टांनी जोडलेला आहे, तिथे काहीतरी कडकन तुटलं. एक बोल्ट गेला आणि त्याच्या शेजारून केसाएवढी भेग वर चढली. वाफेचा लोट उठला. लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. किती छान दिसलं म्हणे.

घरी जाताना मी टकटक करायला लागलो. धूर भेगेतून बाहेर पडला की टक, पुन्हा टक. लुडनं गाडी थांबवून बॉनेट उघडलं, कान लावला, आणि जन्मभर इंजिनं जोडलेल्या त्या माणसानं निदान केलं की टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपा उचलणारी खुंटी, वाजतंय. पुढच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला सगळे जमले तेव्हा टेबलावर चर्चा झाली. एक म्हणाला टॅपेट, दुसरा म्हणाला टॅपेटच, तिसऱ्यानं तर कुठलं टॅपेट तेही सांगितलं. लुडचा शेजारी चेस्टर, जो कारखान्यात वेल्डिंग करायचा, तो "पाणी पडल्यावरच..." एवढं म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचा शब्द माशाबरोबर गिळला. आशीर्वादानं गाडी बिघडली असं म्हणायचं तरी कसं? शेजारच्या टेबलावर फादर बसलेले.

लुडनं जाड तेल आणून ओतलं. महिनाभरात टकटक थांबली. थांबली कारण भेग रुंद झाली होती. आता मी टकटकत नव्हतो, नुसता उसासत होतो, आणि तेवढं ऐकायला लुडचे कान उरले नव्हते. त्यानं खूश होऊन चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

मग पानं लाल झाली, हवा गार झाली. लुडला डाव्या कोपराशिवाय गाडी चालवता येत नाही. बर्फ पडला तरी त्याची काच खाली आणि कोपर बाहेर. त्याला ताजी हवा मिळायची. इरेन मात्र आपल्या बाजूची काच घट्ट लावायची, बूट काढायची आणि तळवे पत्र्याला टेकवायची. त्या पत्र्यात तारा जायला एक भोक आहे. त्याचं रबर कधीचं वाळून पडलं होतं. माझ्या भेगेतला धूर तिथून आत शिरायचा. त्याला वास फारसा नसतो. रंग नसतो. त्यानं झोप येते.

मला कळत होतं. हे सांगताना आजही मला कसंतरी होतं. ज्या पायांना मी इतकी वर्षं ऊब दिली, त्याच पायांशी मी विष सोडत होतो, आणि मला ओरडता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती नुसती पेंगली. दुसऱ्या रविवारी डोकं जड झालं म्हणाली. तिसऱ्या खेपेला तळ्याच्या अलीकडे, मक्याची शेतं लागतात तिथे, ती डोळे मिटल्या मिटल्या हसली.

लुडनं विचारलं, काय झालं?

"काही नाही. लोटी म्हणतेय, दाजी गाडी चालवतोय की मयताला निघालाय?"

लुडनं आरशात बघितलं. मागच्या सीटवर त्याचा कोट होता.

त्या दिवसापासून लोटी येऊ लागली. इरेनला ती स्पष्ट दिसायची. एप्रनमध्ये असायची, कोपरांना पीठ असायचं, पाय सीटवर घेऊन बसलेली असायची. दोघी त्यांच्या आईच्या भाषेत, पोलिशमध्ये, बोलायच्या. माझ्या पत्र्याआडून मला फक्त इरेनचं बोलणं ऐकू यायचं. मधे ती थांबायची, ऐकायची, आणि खुदकन हसायची. "लोटे, गप गं, ऐकेल तो," असं म्हणायची. इतक्या वर्षांत इरेन अशी हसली नव्हती. सत्तरीची बाई, पण आवाज पोरीचा झाला होता. खिडकीबाहेर सोनेरी मका मागं पळायचा, गाडी डुलायची, उन्हाचे पट्टे तिच्या मांडीवरून सरकायचे, आणि त्या उबेत, त्या धुरात, मेलेली बहीण जिवंत होऊन बिया सोलत बसायची.

आता ती रोज म्हणायला लागली, लुड, फेरफटका मारूया का? लुडला वाटलं बायको खूश आहे. घरी आल्यावर मात्र तिचे पाय लटपटायचे. एकदा ताटावर बसल्या बसल्या झोपली. एकदा मार्शा आली तर तिलाच लोटी म्हणाली. कधी उलटी व्हायची. रात्र उलटली की सकाळी बरी असायची, दुपारी पुन्हा गाडीत बसायची.

मार्शा घाबरली. घाबरली की ती कामाला लागते, हा तिचा आईचाच गुण. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली, आणि वेळ लांबची मिळाली म्हणून तोवर एक वृद्धाश्रम बघून ठेवला. स्वयंपाकघरात बापाशी बोलताना तिचा आवाज खिडकीतून गाडीपर्यंत येत होता. आईला भास होतात, बाबा. तुम्ही एकटे नाही सांभाळू शकणार. तिथे बाग आहे, गाणी असतात, थँक्सगिव्हिंग झालं की एकदा बघून तरी येऊ. नंतर लुड गॅरेजमध्ये आला आणि माझ्याजवळ, बॉनेटवर दोन्ही हात टेकवून, खूप वेळ उभा राहिला. त्याला इरेनला घरातून पाठवायचं नव्हतं. आणि न पाठवून तिला काही झालं तर? अरे बाबा, खाली बघ, मनगटाकडे बघ, मी म्हणत होतो. त्यानं बॉनेट पुसलं आणि तो आत गेला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे पितरांचा दिवस असतो. पोलिश घरांतली माणसं त्या दिवशी कबरस्तानात जाऊन लाल काचेच्या पणतीत मेणबत्ती लावतात. इरेन आणि लुड लोटीच्या कबरीला निघाले. इरेनचं म्हणणं, तिकडे कशाला जायचं, ती इथे मागंच तर बसलीय. लुडनं ओठ आवळले आणि गाडी चालवली.

कबरस्तानात असा वारा की एकही वात टिकेना. लुडनं चार काड्या वाया घालवल्या. इरेन गाडीतून उतरलीच नव्हती. तिला उठवत नव्हतं. ती म्हणाली, आण इकडे, मी इथेच लावून देते. उबेसाठी इंजिन चालू होतं. तिनं पणती घेतली, लुडच्या उघड्या खिडकीचा वारा लागू नये म्हणून ती खाली, पायांपाशी धरली, आणि काडी ओढली. मेणबत्ती पेटली. लुड तिच्या बाजूचं दार उघडून, वाऱ्याकडे पाठ करून, ओणवा उभा होता.

ज्योत थरथरत होती.

पेटल्यावर ज्योत थरथरते, त्यात काही विशेष नाही. पण ही पत्र्यापासून लांब झुकत होती, पुन्हा सरळ होत होती, पुन्हा झुकत होती. दम टाकल्यासारखी. आणि त्या झुकण्याला ताल होता. लुड बघत राहिला. कान गेले होते, पण डोळे शाबूत होते, आणि तो ताल त्यानं आयुष्यभर हातांनी ओळखला होता. तो माझ्या बाजूच्या इंजिनाचा ताल होता. त्यानं इरेनच्या पायांकडे बघितलं. तिचे पांढरे मोजे अंगठ्यांपाशी काळे झाले होते.

पणती त्यानं काढून घेतली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि इरेनला दोन्ही काखांत धरून बाहेर ओढलं, तिचे बूट तसेच गाडीत. तिला थंड गवतावर मोज्यांवर उभं केलं आणि छातीशी धरलं. "श्वास घे," म्हणत होता. "इरेन, श्वास घे गं, मोठा घे." लोक बघत होते. ती म्हणत होती, अरे पाय गार पडतायत. तिला काही कळत नव्हतं. लुड रडत होता, हे मला उघड्या दारातून ऐकू येत होतं.

घरी ते चेस्टरच्या गाडीतून गेले. मला दुसऱ्या दिवशी ओढून आणलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लुडला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाले, एवढा एक हिवाळा असाच गेला असता तर एखाद्या रविवारी ती तळ्यावरून परत आलीच नसती. दोन आठवड्यांत इरेनचं डोकं लख्ख झालं. मार्शाला मार्शा म्हणायला लागली, वर तिच्या केसांना नावं ठेवायला लागली. लुडनं पोरीला सांगितलं, "तुझ्या आईचं डोकं ठीक आहे. माझ्या गाडीचं मनगट मोडलंय." मार्शा पायरीवर बसली, आधी हसली, मग रडली, मग बापाला म्हणाली की हे धूड भंगारात घाला. वृद्धाश्रमाला तिनं त्याच दुपारी फोन करून नाही म्हणून सांगितलं.

भंगारात मला जायला हरकत नव्हती. माझ्यासारख्यानं आणखी काय करायचं राहिलं होतं? पण इरेन म्हणाली नाही, दुरुस्त कर. का म्हणाली ते मला नंतर कळलं.

नवा मॅनिफोल्ड टपालानं मागवता येतो. चेस्टरनं तेच सुचवलं. पण अशा जुन्या गाड्या ठेवणारी माणसं वेगळीच असतात. माझ्या अंगावर ओतण्याची तारीख उमटलेली आहे, आणि ती तारीख गाडीशी जुळते, एवढ्यावर ही माणसं जीव टाकतात. लुड म्हणाला, वेल्डिंग कर. चेस्टर म्हणाला, "लुड्या, बिडाला वेल्डिंग म्हणजे म्हाताऱ्याला लग्नाला उभं करणं. तडकलं तर मला बोलायचं नाही." पण त्यानं टोपी उलटी फिरवली, म्हणजे काम घेतलं.

मला खोलून काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी इंजिनापासून वेगळा झालो आणि मला उगीचच उघड्यावर पडल्यासारखं झालं. तुटलेला बोल्ट तापवून उपसला. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, ती पुढे पळू नये म्हणून. मग चेस्टरनं अंगणातल्या कोळशाच्या शेगडीवर, जिच्यावर उन्हाळ्यात सॉसेज भाजतात, मला ठेवलं आणि झाकण लावलं. बीड आधी सगळीकडून सारखं तापवावं लागतं, नाहीतर वेल्डिंग करता करता दुसरीकडे तडकतं. पलीकडच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, काय शिजतंय? चेस्टर म्हणाला, लुडची लाडकी.

जरासं वेल्डिंग, मग हातोडीनं हलके टोले, मग पुन्हा जरासं. घाई नाही. ते टोले मला आवडले. शेवटी मला लाकडाच्या राखेत पुरून ठेवलं, सावकाश निवायला. त्या राखेत पडल्या पडल्या मला फार गाढ झोप लागली. लोटीला मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त तिचं हसणं ऐकलं होतं. त्या झोपेत मला ते पुन्हा ऐकू आलं. बिडाला स्वप्न पडतं का, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मला जागेवर बसवलं. नवे बोल्ट, नवं पॅकिंग, आणि पत्र्यातल्या भोकाला नवं रबर. चेस्टरनं पाइपाच्या जोडाभोवती साबणाचं पाणी लावून, मागून हवा भरून बघितली. एकही बुडबुडा आला नाही. फादर डोमिनिकना कुणी काही सांगितलं नाही. लुडनंच सगळ्यांना बजावलं, पोरगा नवीन आहे, मनाला लावून घेईल. पुढच्या वर्षी बॉनेट बंद ठेवायचं, एवढं मात्र ठरलं.

रविवारी ते तळ्याकडे निघाले. थंडी कोरडी होती, ऊन होतं, शेतं कापून झाली होती. इरेननं बूट काढले आणि तळवे पत्र्याला लावले. मी जपून तापलो. धूर सगळा खाली, मागं, पार सायलेन्सरमधून बाहेर. आत आली ती फक्त ऊब. लुडनं तिच्या बाजूचीही काच चार बोटं खाली केली होती. तो खुशीत होता, मधूनमधून तिच्याकडे बघत होता, ती जागी आहे ना म्हणून.

ती चांगलीच जागी होती. ती वाट बघत होती. मक्याची शेतं गेली. तळ्याचं पाणी दिसायला लागलं. तिनं मान वळवून मागं बघितलं. मग पुढे बघितलं. पुन्हा मागं बघितलं.

"लुड," ती म्हणाली, "ती भेग थोडीशी उघडी नसती का ठेवता आली?"

लुडनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू होतं. मी ऐकत होतो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी इरेननं मलाच विचारलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. एक बोल्ट ढिला सोडणं मला जड नव्हतं. तापता-निवता आमचे बोल्ट आपोआपही सुटतात. एवढीशी फट. तिच्यासाठी.

लुडनं स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.

"नाही, इरेन," तो म्हणाला. "मला तू पाहिजेस."

इरेन रडायला लागली. मयताच्या दिवशी राहून गेलेलं ते रडणं होतं. मोठ्यानं, तोंड न झाकता, लहान पोरासारखी रडली. लुडनं खिशातून फडकं काढलं, ते तेलकट निघालं, दुसरं शोधलं, मिळेना, मग तेच दिलं. तिनं त्यातच नाक पुसलं. समोर तळ्यावर बदकं होती.

मग लुडनं विचारलं, "काय म्हणायची गं ती?"

"कोण?"

"लोटी. मागं बसून. मी कधी विचारलंच नाही. भ्यालो होतो मी."

इरेननं त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारतोय की समजूत घालतोय, हे तिनं ताडलं असावं. मग तिनं सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग भराभर. लोटी अमुक म्हणाली, मग मी म्हटलं, मग ती म्हणाली. बेकरीतल्या मालकाचं, आईच्या कोटाचं, लहानपणी दोघींनी नदीत बुडवलेल्या सायकलचं, जी हरवली असं घरी सांगितलं होतं. एका ठिकाणी लुड पोट धरून हसला. एका ठिकाणी त्याला रागच आला. "असं म्हणाली? माझ्याबद्दल?" मेलेल्या मेव्हणीशी भांडायला निघाला. इरेन म्हणाली, पुढचं तर ऐक. लुडनं गाडी हळूच रस्त्यावर घेतली. घराचं वळण आलं, गेलं, तो सरळ चालवत राहिला.

अजूनही रविवारी ते असेच जातात. लोटी येत नाही. इरेन बोलते, लुड विचारतो. माझ्या मनगटावर वेल्डिंगचा व्रण आहे, जाडाभरडा, हात लावला तर लागेल असा. थंडी वाढली की मी तिथे जरा आखडतो, पण धरून आहे. चेस्टर म्हणतो, हा आपल्या सगळ्यांच्या मागून जाईल. जाईन तेव्हा जाईन.

एक मागणं आहे. तुमच्याही घरात एखाद्या दिवशी एखादं म्हातारं माणूस एकटंच हसेल, मागं वळून कुणाशी तरी बोलेल. तेव्हा लगेच त्याच्या वयाला दोष देऊ नका. आधी खिडकी उघडा, त्याला मोकळ्या हवेत न्या, कुठे काही गळतंय का ते बघा. आणि ते बरं झालं, की त्याच्याजवळ बसून विचारा, कोण आलं होतं, काय म्हणालं.